वारा आमच्या बागेत मोजा, साहेब

फळपीक विम्याचे निकष ठरवणाऱ्या साहेबांना आणि मॅडमना,

नमस्कार. मी रावेर तालुक्यातली, केळीच्या घरातली सून. गावात छोटं सेवा केंद्र चालवते, म्हणजे सातबारा, आधार, पॅन, पीएम किसानची केवायसी आणि ऑक्टोबर आला की दिवसभर नुसता फळपीक विमा. तुम्ही तिकडे जे निकष ठरवता ते इकडे लोकांना वाचून दाखवायचं काम माझं, आणि पैसे आले नाहीत की शिव्या खायचं पण माझंच. माझं नाव आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, आमच्याकडे नाव टाकलं की लोक पत्र राहू देतात बाजूला आणि ही कोणाची सून तेच काढत बसतात.

विषय एवढाच आहे की यंदा मे महिन्यात वादळानं आमची बाग झोपवली, आणि तुमच्या मशीनच्या हिशोबानं त्या दिवशी आमच्याकडे वादळ आलंच नाही.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. माहेरवाशिणी परत गेल्या होत्या, झोके अजून झाडाला तसेच होते. दिवसभर ऊन असं की बोलायची सोय नाही, भुसावळ-रावेरकडे ४५ म्हणजे आता बातमी पण राहिलेली नाही. चारच्या सुमाराला सातपुड्याच्या बाजूनं आभाळ काळं व्हायच्या आधी पिवळं झालं, मातीचं. सासरे, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ओट्यावर बसले होते, त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि एवढंच म्हणाले, पाऊस कितीबी पडू दे, वारा नको. केळीवाल्या घरात सगळे हेच म्हणतात, नवीन काही नाही. मग जे सुरू झालं ते मोजून दहा-बारा मिनिटं चाललं. शेजाऱ्यांचे पत्रे आमच्या अंगणात, आमची पाण्याची टाकी त्यांच्या गोठ्यावर, लाइटचे पोल रस्त्यावर आडवे, आणि पाऊस म्हणाल तर अंगण नीट भिजलं पण नाही.

हे आणि दीर रात्रीच बॅटऱ्या घेऊन जाऊन आले आणि काही न बोलता झोपले, म्हणजे झोपले नाहीत, पडले. मी सकाळी गेले. तुमच्यापैकी कितींनी पडलेली केळीची बाग आत जाऊन बघितली आहे माहीत नाही म्हणून सांगते. केळीचं खोड हे लाकूड नसतं, पानांच्या देठांच्या घड्या एकावर एक गुंडाळलेल्या आणि आत नव्वद टक्के नुसतं पाणी. त्याला एका बाजूनं वीस-पंचवीस किलोचा घड लोंबकळतो. मृगबाग होती, मागच्या जूनची लागवड, म्हणजे मे संपताना घड भरून एकदम जड झालेले, पंधरा दिवसांवर कटाई, व्यापारी येऊन बाग बघून पण गेलेला. काही खोडं कंदासकट उपटली होती पण बरीचशी मधूनच मोडलेली, आणि मोडल्या जागेतून सकाळी नऊ वाजेपर्यंत पाणी टिपकत होतं. त्याचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, माझ्या त्या दिवसाच्या साडीवर अजून आहे. आणि एक गंमत, गंमतच म्हणायची आता, आम्ही घडाच्या वजनानं खोड कलू नये म्हणून पट्टीनं खोडं एकमेकांना बांधली होती, तर एक पडलं त्यानं पट्टीसकट शेजारचं ओढलं, त्यानं पुढचं. ओळीच्या ओळी एकाच दिशेला झोपलेल्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेला. वारा कुठून आला ते सांगायला मशीन लागत नव्हतं.

बांधावर आम्ही शेवरी लावलेली आहे, वारा अडवायला, कृषीवाले सांगतात तशी दोन ओळीत. ती पण आडवी.

आता ७२ तास. नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कंपनीला कळवायचं, ॲपवर किंवा फोनवर. नियम मीच लोकांना सांगते म्हणून पाठ आहे. पण ज्या वाऱ्यानं बाग पडली त्याच वाऱ्यानं पोल पडले ना साहेब. लाइट नाही, लाइट नाही म्हणून टॉवर बंद, टॉवर बंद म्हणून रेंज नाही, माझं केंद्र बंद, टोल फ्री लावावा तर फोनच लागत नाही. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट आली. तोपर्यंत मी काय केलं तर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर फोन चार्ज करून बऱ्हाणपूर-अंकलेश्वर हायवेवर एका ढाब्याच्या पुढे उभी राहिले, तिथं दोन काड्या यायच्या. पिशवीत एकोणतीस जणांच्या विम्याच्या पावत्या. फोटो अपलोड होताना गोल फिरत राहायचं, मग टाइम आउट, मग पहिल्यापासून. एकोणतीसपैकी तेवीस झाले. सहा जणांची वेळ निघून गेली, त्यातल्या एका आजोबांनी मला अजून विचारलं नाही की माझं काय झालं, आणि ते विचारत नाहीत म्हणून मीच त्यांच्या गल्लीनं जात नाही.

नवव्या दिवशी सर्व्हेला पोरगा आला. पोरगं बिचारं चांगलं होतं, एकट्याकडे पंधरा-सोळा गावं. पण नऊ दिवस बाग तशीच ठेवायची म्हणजे काय, तर मे महिन्याच्या उन्हात ती सडते, माशा, वास, आणि खाली पीलं, म्हणजे बुडातून निघालेली पुढच्या पिकाची रोपं, दाबून मरतात. साफ केली तर म्हणणार पुरावा कुठे आहे. घड कच्चे होते, व्यापाऱ्यानं हात लावला नाही, वेफरवाल्यानं दोन रुपये किलोनं थोडा माल नेला. बाकी बांधावर टाकला, ढोरांनी खाल्ला.

आणि सप्टेंबरात उत्तर आलं. क्लेम पात्र नाही, कारण आमच्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर त्या दिवशी वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर. निकष ४० चा, केंद्रावर तेवढा वारा दिसला तरच पैसे. विषय संपला.

हे जे ४० आहे ना, १ मार्च ते ३१ जुलै, ताशी ४० किलोमीटर, हे आमच्याकडे आता पाचवीतल्या पोराला माहीत आहे. तसंच थंडीचं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सलग ३ दिवस ८ अंश किंवा खाली. तसंच उन्हाचं, एप्रिलमध्ये सलग ५ दिवस ४२, मे मध्ये ४५. थंडी-उन्हाचं मी एकवेळ समजू शकते, थंडी आली की सगळ्या तालुक्यात येते, पाच-सात किलोमीटरवर मशीन असलं तरी फरक पडून किती पडणार. तरी दोन रात्री साडेसात आणि तिसऱ्या रात्री साडेआठ झालं की तुमचं सलग तुटतं, केळीला मात्र चरका बसायचा तो बसतोच. पण ते राहू द्या, आज वाऱ्याचंच बोलते, नाहीतर पत्र संपायचं नाही.

उन्हाळ्यातलं वादळ कसं होतं हे मी काही शास्त्रज्ञ नाही पण वाचलं आहे. जमीन तापते, हवा वर जाते, ढग उंच उभा राहतो, मग त्यातला पाऊस खाली पडता पडता हवेतच सुकतो आणि हवा एकदम गार, जड होऊन वरून खाली आदळते. ती जमिनीवर आपटली की चारी बाजूला पसरते, तोच तो झोत. तो काही सगळ्या तालुक्यावर एकसारखा येत नाही, एखाद्या पट्ट्यातून जातो, कधी दोन किलोमीटरचा, कधी त्याहून कमी. आमच्याकडे तर हे आजोबा-पणजोबांपासून माहीत आहे, सुकी नदीच्या अलीकडची बाग झोपते आणि पलीकडची उभी असते, लोक म्हणतात त्याच्या नशिबात होतं. आता असा झोत मोजायला मंडळात एक केंद्र. एका मंडळात दहा-दहा, पंधरा-पंधरा गावं. महावेधची, म्हणजे राज्याच्या हवामान प्रकल्पाची, केंद्रं २०१७ च्या सुमाराला बसली तेव्हा आम्हालाच आनंद झाला होता, आधी तालुक्याला एक असायचं, आता मंडळाला एक, राज्यात दोन हजारांच्या वर. पावसासाठी, तापमानासाठी सुधारणा झालीच, नाही कशाला म्हणू. पण वाऱ्यासाठी मंडळ म्हणजे लय मोठं गाव आहे साहेब.

आमच्या मंडळाचं केंद्र मी मुद्दाम जाऊन बघून आले. आमच्या बागेपासून गाडीच्या मीटरवर आठ किलोमीटर. तारेचं कुंपण, आत खांब, वर वाऱ्याच्या त्या तीन छोट्या वाट्या गरगर फिरतात. उत्तरेला, म्हणजे सातपुड्याकडून वारा येतो त्याच बाजूला, एका गोडाऊनची भिंत आणि त्याला लागून निंब. चांगला जुना निंब, सावली पण चांगली, मी पाच मिनिटं तिथंच उभी राहिले. माझ्या डोक्यावरची निंबाची पानं हलत होती आणि त्या वाट्या जवळपास थांबलेल्या.

आता खरी गोष्ट ऐका. त्याच वादळाचा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांनी मिळून पंचनामा केला. तो कागद मीच झेरॉक्स केला, माझ्याच मशीनवर. त्यात लिहिलं आहे, वादळी वाऱ्यामुळे केळी पिकाचे नुकसान, ८५ टक्के. सही, शिक्का. वीजवाल्यांकडे पोल पडल्याची नोंद आहे, किती पोल, कुठले, सगळं, कारण त्यांना नवीन उभे करायला कागद लागतो. शाळेचे पत्रे उडाले त्याचा वेगळा अहवाल. म्हणजे वादळ आलं हे महसूलला मान्य, विजेवाल्यांना मान्य, शाळेला मान्य, फक्त विम्याला मान्य नाही. एकाच दिवसाचे एकाच गावचे दोन कागद माझ्या फाइलला एकापाठोपाठ लावले आहेत, एकात वादळ, दुसऱ्यात नाही. लोक मला विचारतात ताई यातला खरा कोणता. मी काय सांगू.

तुम्ही म्हणाल पंचनामा झाला ना मग सरकारी मदत मिळेल. मिळते, नाही असं नाही. आपत्ती निधीचा केंद्राचा निकष बहुवार्षिक पिकाला हेक्टरी २२,५०० रुपये, ३३ टक्के किंवा वर नुकसान असलं तर, आणि २ हेक्टरपर्यंत. राज्य कधी वाढवून देतं, कधी पुन्हा खाली आणतं, ते ज्या त्या वर्षीच्या जीआरवर. केळी बहुवार्षिक धरली तरी हिशोब करा, पाच बाय पाच फुटावर हेक्टरी चार हजार तीनशे खोडं बसतात, म्हणजे खोडामागे पाच रुपये. टिश्यू कल्चरचं एक रोपच पंधरा रुपयांच्या खाली येत नाही, वर बेसल डोस, ठिबकमधून सोडायची खतं, पट्टी, मजुरी, आमचा खोडामागे सत्तर-ऐंशी रुपये खर्च झालेला. आणि पडलेली बाग बाहेर काढायलाच एका खोडाला पाचाच्या वर जातात. म्हणून तर लोक विमा काढतात, हौस म्हणून कोणी काढत नाही.

हां, आणि एक बोलते, ते बोललं नाही तर तुम्ही म्हणाल बाई एकाच बाजूचं सांगते. आमच्या जिल्ह्यात केळी नसताना केळीचा विमा काढणारे निघाले, खरं आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर काढणारे पण निघाले. माझ्याकडे पण एक जण आला होता, ताई फक्त एवढा एक फॉर्म, मी हाकलला, तो दुसरीकडे जाऊन भरून आला असेल. अशा लोकांमुळे खऱ्या केळीवाल्याकडे पण चोरासारखं बघतात. त्यांना धरा, ई-पीक पाहणी बघा, सॅटेलाइटवर बघा, आमची काही ना नाही. पण सॅटेलाइटवर केळी आहे की नाही हे बघता येतं तर केळी उभी आहे की झोपली आहे हे पण बघता येत असेल ना? तुमचे पैसे वाचवायला सॅटेलाइट आणि आमचे द्यायला आठ किलोमीटरवरच्या तीन वाट्या, हे कसं काय?

आणि ज्यांचा कुठल्याच कागदावर उल्लेख नाही त्यांचं पण लिहिते. आमच्याकडे पावरा-बारेला आदिवासी लोक येतात सातपुड्यातून, सालदार म्हणून, म्हणजे वर्षाच्या बोलीवर कामाला, साल आखाजीला ठरतं. आमच्याकडचा सालदार यंदाच आखाजीला नवीन लागला होता, बायको, दोन पोरी, शेतातल्या खोलीत राहतात. वादळात ते चौघं ठिबकच्या फिल्टरच्या त्या सिमेंटच्या खोलीत बसले दार धरून, आतून. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला ताई माझं साल राहील का. बाग गेली आमची आणि काळजी त्याला लागली, बरोबरच आहे त्याची. कटाईवाल्या पोरांची टोळी असते, घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेतात, त्यांचा रोज कटाईवर. जून-जुलैची त्यांची सगळी कमाई त्या दहा मिनिटांत गेली आणि त्यांचा पंचनामा करायला कोणत्या रकान्यात लिहायचं ते कोणालाच माहीत नाही. नफ्यानं, म्हणजे दुसऱ्याची जमीन भाड्यानं घेऊन, शेती करणाऱ्याचं पण तेच, पैसे ज्याचे गेले तो वेगळा आणि सातबाऱ्यावर नाव वेगळं.

पुराचं कसं आहे, पूर टीव्हीवर दिसतो. चाळीसगावला ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, कन्नड घाटात दरडी पडल्या, सगळ्या राज्यानं बघितलं, मंत्री आले, आणि यायलाच पाहिजे होते. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की त्याची बातमी होते, ड्रोनचे फोटो येतात. वाऱ्याचा फोटो कसा काढणार. दहा मिनिटांत येतो आणि जातो, दुसऱ्या दिवशी निरभ्र आभाळ, आणि आपण आपलं सांगत फिरायचं की आला होता हो, खरंच आला होता.

मागणी काय आहे ते सांगते, फार मोठी नाही. गावोगावी ग्रामपंचायतीत हवामान केंद्र बसवणार असं आम्ही ऐकतो आहोत, बसवा, पण बसवताना नुसतं पाऊस मोजायचं भांडं बसवून मोकळे होऊ नका, केळीच्या पट्ट्यात रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर इथं वाऱ्याच्या वाट्या पाहिजेतच, आणि भिंतीच्या आडोशाला नको, निंबाखाली तर नकोच. ते होईपर्यंत जिथं महसूलचा पंचनामा वादळ म्हणतो तिथं विम्यानं पण ते वादळ धरावं, एका सरकारचे दोन कागद एकमेकांना खोटं पाडतात हे तुम्हाला तरी बरं वाटतं का. ७२ तास लाइट आणि रेंज आल्यापासून मोजा, किंवा गावात तलाठ्याच्या वहीत अंगठा दिला तरी कळवलं असं धरा. आणि सर्व्हेला माणूस चार दिवसांत येत नसेल तर शेतकऱ्यानं काढलेला फोटो पुरावा मानून बाग साफ करू द्या, खालचं पील तरी वाचेल. आमच्या पडलेल्या बागेतली निम्मी पीलं त्या नऊ दिवसांत गेली, ती वाऱ्यानं नाही मेली.

आज ३१ ऑक्टोबर, केळीच्या विम्याची शेवटची तारीख, आणि पोर्टल सकाळपासून हँग आहे. हे पत्र त्याच मधल्या वेळात टाइप करते आहे. दुकानापुढे तीस-चाळीस जण उभे आहेत, त्यातले ते सहा जण पण आहेत आणि ते आजोबा पण, पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणली आहे त्यांनी. आप्पा पण लाइनीत उभे आहेत. मी सकाळी म्हटलं आप्पा तुमचा फॉर्म मी घरीच भरते, लाइन कशाला, तर म्हणाले सगळ्यांसोबत भरतो. फॉर्ममध्ये गाव टाकलं की मंडळाचं नाव आपोआप येतं, ते बदलता येत नाही. आत्ता थोडं चालू झालं वाटतं, अकरा नंबरवाले काका आत या म्हणते, बाकीचं नंतर.

आपली,
रावेर तालुक्यातली एक केळीवाली